शेडिंजा : एका एचपीचा हिशेब

आवडता पोकेमॉन कोणता, असे विचारल्यावर बहुतेक जण एक तर पहिल्या खेळात निवडलेल्या सोबत्याचे नाव घेतात, नाही तर एखाद्या ड्रॅगनचे. माझे उत्तर ऐकून समोरचा क्षणभर थांबतो, कारण मी ज्याचे नाव घेतो ते धड जिवंत आहे की नाही, हेच खेळाने कधी नीट सांगितलेले नाही. शेडिंजा ही एका किड्याने टाकलेली कात आहे. ते श्वास घेत नाही, पंख न हलवता तरंगते, आणि पाचवी लेव्हल असो वा शंभरावी, त्याचा एचपी, म्हणजे घाव सोसण्याची ताकद, फक्त एक असतो. पोकेमॉनच्या जगात आज हजाराहून अधिक जीव आहेत आणि त्यांत शेडिंजाहून देखणे, बलवान आणि भरवशाचे असे शेकडो निघतील. पण मिळण्याची रीत, रूप, आकडे आणि लढण्याची तऱ्हा या साऱ्या गोष्टी एकाच कल्पनेतून निघाल्या आहेत, असा दुसरा जीव मला तरी या मालिकेत सापडलेला नाही. ती कल्पना म्हणजे रितेपण. आणि ते रितेपण शेवटपर्यंत निभावून नेण्याची जी हिंमत शेडिंजा घडवणाऱ्यांनी दाखवली, तिच्यासाठी हा लेख.

सुरुवात ते मिळते कसे इथूनच करायला हवी. ‘रुबी’ आणि ‘सफायर’ हे खेळ जपानमध्ये २१ नोव्हेंबर २००२ रोजी गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आले. त्यांतल्या होएन प्रदेशात, रस्टबोरो शहराच्या पूर्वेकडील रूट ११६ च्या गवतात निंकाडा नावाचा एक मातकट, मंद किडा सापडतो. तो विसाव्या लेव्हलला निंजास्क होतो, म्हणजे चपळ, उडणारा, दिसेनासा होईल इतका वेगवान. पडद्यावर नेहमीसारखा प्रकाश झगमगतो, अभिनंदनाचा संदेश येतो आणि गोष्ट तिथेच संपल्यासारखी वाटते. मात्र त्या क्षणी तुमच्या सहा जणांच्या संघात एखादी जागा रिकामी असेल, तर तिथे शेडिंजा येऊन बसलेले असते. खेळ त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पुढच्या वेळी संघाची यादी उघडाल तेव्हाच कळते की आपल्यासोबत आणखी कोणीतरी आहे. संघ भरलेला असेल, तर ते येतच नाही, आणि आपण काय गमावले याची सूचनाही मिळत नाही. निंकाडा मन लावून वाढवूनही ज्यांनी शेडिंजाला कधी पाहिले नाही, असे कितीतरी खेळाडू त्या काळी असणार.

या रचनेचे मला अजूनही कौतुक वाटते. पोकेमॉनचा सगळा खेळ तुम्हाला सांगत असतो की सहा जागा आहेत, त्या भरा. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली संधी. इथे मात्र पोकळ जीव पोकळ जागेतूनच येतो. ज्याने काहीतरी मोकळे ठेवले आहे त्यालाच तो मिळतो, तेही न मागता. पुढे खेळांच्या चौथ्या पिढीपासून (‘रुबी’ आणि ‘सफायर’ ही तिसरी) या नियमात एका अटीची भर पडली : पिशवीत एक साधा पोके बॉल शिल्लक असावा लागतो आणि शेडिंजा आले की तो खर्ची पडतो. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण पकडलेल्या प्रत्येक जीवामागे एक बॉल लागतो. तरीही मला पहिली रीत अधिक आवडते. निंकाडा बदलला की शेडिंजा कसे कोण जाणे एका बॉलमध्ये प्रकट होते, असे पोकेडेक्स, म्हणजे खेळातला पोकेमॉनांचा कोश, सांगतो. त्या ‘कसे कोण जाणे’मध्ये जी हुरहूर आहे, ती पावती फाडल्यावर जराशी कमी होते.

ही सारी कल्पना सिकाडा नावाच्या खऱ्या किड्याच्या आयुष्यावरून उचललेली आहे आणि ती उचलताना बारकावे सुटलेले नाहीत. सिकाडाची पिल्ले जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस शोषत वर्षानुवर्षे काढतात. उत्तर अमेरिकेतल्या काही जाती तर तब्बल १३ किंवा १७ वर्षांनी बाहेर येतात. वेळ झाली की पिल्लू माती उकरून वर येते, एखाद्या खोडावर चढते, पायांनी घट्ट धरते, त्याची पाठ मधोमध उकलते आणि त्या फटीतून पंखवाला प्रौढ किडा बाहेर पडतो. खोडाला चिकटून राहते ती तपकिरी, कोरडी, आतून रिकामी कात. पाय, डोळे, मिशा सगळे जागच्या जागी, फक्त आत कोणी नाही. जपानमध्ये उन्हाळ्यात मुले या काती गोळा करतात, आणि तिथल्या जुन्या काव्यात सिकाडाची रिकामी कात ही क्षणभंगुर आयुष्याची ओळखीची प्रतिमा आहे. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता आणि या मालिकेची मूळ कल्पना त्या नादातून आली, हे सर्वज्ञात आहे. पिकाचूकडे पाहून ते कोणाला आठवणार नाही. शेडिंजाकडे पाहून मात्र आठवते. शत्रूच्या हाती नुसते आवरण सोडून स्वतः निसटणारा निंजा ही गोष्टींतली लाडकी युक्तीही याच कातीशी जोडलेली आहे. निंजास्क हा निसटलेला निंजा आणि शेडिंजा हे मागे सोडलेले आवरण, अशी ही जोडी आहे.

आता आकड्यांकडे येतो, कारण माझ्या मते या जीवाची खरी गोष्ट तिथे लिहिलेली आहे आणि ती फारसे कोणी वाचत नाही. प्रत्येक पोकेमॉनला सहा मूळ आकडे असतात. निंकाडाचा एचपी ३१, हल्ला ४५, बचाव ९०, विशेष हल्ला ३०, विशेष बचाव ३० आणि वेग ४०, बेरीज २६६. शेडिंजाचा एचपी १, हल्ला ९०, बचाव ४५, विशेष हल्ला ३०, विशेष बचाव ३० आणि वेग ४०, बेरीज २३६. नीट पाहिले तर शेडिंजापाशी स्वतःचे असे काहीच नाही. शेवटचे तीन आकडे निंकाडाचे आहेत तसेच मागे राहिले आहेत, हल्ला आणि बचाव यांची फक्त अदलाबदल झाली आहे, आणि एचपी ३१ वरून १ वर आला आहे. बेरजेतला फरक बरोबर ३० चा, म्हणजे जेवढा जीव गेला तेवढाच. दुसरीकडे निंजास्कचा वेग १६० पर्यंत चढतो आणि त्याची बेरीज ४५६ होते. वाढ सगळी त्याच्या वाट्याला गेली. कातीकडे जुने माप तेवढे उरले. खोडाला चिकटलेली कात आतल्या किड्याचा आकार जशी जपून ठेवते, तसेच हे आकडे निंकाडाचा आकार जपून ठेवतात. निंकाडाला नर-मादी असा भेद आहे, तो शेडिंजापाशी येताना गळून पडतो, हेही याच सुसंगतीतले. एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही : कठीण कवचाचा बचाव किडा आत असताना ९० आणि नुसते कवच उरल्यावर ४५ का व्हावा? अर्थात ज्याचा एचपी एक आहे, त्याचा बचाव ४५ असला काय आणि ४५० असला काय, बसलेला घाव शेवटचाच असतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ हौसेचा आहे.

इतक्या दुबळ्या जीवाला उभे ठेवते ती त्याची एकमेव अ‍ॅबिलिटी (अंगची खास क्षमता), वंडर गार्ड. जो हल्ला सुपर इफेक्टिव्ह नाही, म्हणजे ज्याच्या टाइपपुढे (फायर, वॉटर असा प्रकार) शेडिंजा कमकुवत नाही, तो शेडिंजाला लागतच नाही. थोडा लागतो, अर्धा लागतो असे काही नाही. शेडिंजा बग आणि घोस्ट या दोन टाइपांचे आहे, म्हणून त्याला फायर, फ्लाइंग, रॉक, घोस्ट आणि डार्क एवढेच पाच टाइप दुखवू शकतात. तिसऱ्या पिढीत एकूण टाइप सतरा होते, म्हणजे बाकीच्या बारा टाइपांचे हल्ले त्याच्यापुढे शून्य. पुढे सहाव्या पिढीत फेअरी टाइप आला, तोही या निरुपद्रवी यादीतच बसला. समुद्र उचलून आणणारा कायोग्र आपल्या सर्वांत भीषण पाण्याच्या हल्ल्याने शेडिंजाला भिजवूही शकत नाही, आणि एखादा क्षुल्लक पक्षी चोचीच्या एका टोच्याने त्याला संपवतो. बलवान आणि दुर्बल यांची जी उतरंड बाकीच्या खेळात पाठ झालेली असते, ती शेडिंजा मैदानात आले की निरर्थक ठरते. समोरच्याची ताकद किती हा प्रश्नच उरत नाही. त्याच्याकडे योग्य टाइपचा हल्ला आहे की नाही, एवढेच उरते.

अ‍ॅबिलिटी ही संकल्पना मुळात याच पिढीत, ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये पहिल्यांदा आली, हे लक्षात घेतले की शेडिंजाचे धाडस अधिक ठळक होते. नवी सोय हाती आल्यावर बहुतेक जीवांना तिचा किरकोळ लाभ दिला गेला : कोणाला लकवा होत नाही, कोणी जमिनीवरच्या हल्ल्यांपासून मुक्त आहे, कोणी लढाईत उतरताच समोरच्याचा हल्ला कमी करतो. पण दोन जीव असे आहेत की अ‍ॅबिलिटी काढून घेतली तर त्यांचे अस्तित्वच बदलून जाईल. एक स्लाकिंग, ज्याची बेरीज ६७० म्हणजे दंतकथेतल्या प्राण्यांच्या तोडीची आहे, पण आळसामुळे तो एक फेरी सोडून एक फेरी लढतो. दुसरे शेडिंजा, ज्याच्यापाशी काहीच नाही, पण जवळजवळ काहीच त्याला लागत नाही. एकाला प्रचंड शक्ती देऊन हातात बेडी घातली, दुसऱ्याची शक्ती काढून घेऊन भोवती भिंत उभारली. हे दोघे एकाच खेळात, एकाच वेळी सुचले, याचा मला फार आनंद वाटतो. पेटलबर्गच्या जिममध्ये, तिथला प्रमुख नॉर्मन याच्या स्लाकिंगसमोर शेडिंजा उतरवण्याचा मोह त्यामुळे सहज होतो. नॉर्मल टाइपचा सर्वांत धिप्पाड योद्धा आणि त्याच्यासमोर त्याला स्पर्शही न करता येणारी कात! फक्त नॉर्मनच्या संघात फेंट अटॅक ही डार्क टाइपची मूव्ह (लढाईतली चाल) आहे, आणि तो मोह तिथेच संपतो.

आणि हीच शेडिंजाची खरी शिकवणी आहे. वंडर गार्ड अडवतो ते फक्त थेट हल्ले. वाळूचे वादळ अडवत नाही, गारपीट अडवत नाही, विषबाधा आणि भाजणे अडवत नाही, लीच सीड हे जीव शोषणारे बी अडवत नाही. गोंधळलेले शेडिंजा स्वतःलाच एक फटका मारून घेते आणि कोसळते. विनोद असा की कन्फ्यूज रे ही गोंधळात पाडणारी मूव्ह ते स्वतःही शिकते. खरखरीत कातडीच्या शार्पीडोला त्याने अंगाशी जाऊन मारले, तर मार शार्पीडोला बसतो आणि जीव शेडिंजाचा जातो. प्रतिस्पर्ध्याच्या साऱ्या मूव्ह संपेपर्यंत आपण नुसते तग धरून राहू, असे कोणी ठरवले, तर त्या संपल्यावर तो नाइलाजाने स्ट्रगल वापरतो, आणि स्ट्रगलला टाइपच नसल्यामुळे वंडर गार्डचे तिथे काही चालत नाही. जमिनीवर पसरलेल्या स्पाइक्सवर ते मैदानात येताच मरते. पोकेडेक्स सांगतो की ते तरंगते, मात्र ते ना फ्लाइंग टाइपचे, ना त्याच्यापाशी लेव्हिटेट ही अधांतरी ठेवणारी अ‍ॅबिलिटी. त्यामुळे काटे काही ते तरंगणे मान्य करत नाहीत. ‘एमराल्ड’मध्ये चॅम्पियन झालेल्या वॉलेसचा संघ पाण्याच्या जीवांचा आहे, म्हणून शेडिंजापुढे तो हतबल ठरेल असे कागदावर वाटते, पण त्याच्या टेंटाक्रुएल आणि मिलोटिक यांच्याकडे टॉक्सिक आहे, आणि विषाला वंडर गार्डची पर्वा नसते.

म्हणून शेडिंजा वापरणे म्हणजे लढाईच्या आधी लढणे. दुसरा कोणताही पोकेमॉन घेऊन तुम्ही अंदाजाने मैदानात उतरू शकता. चार घाव सोसाल, औषध द्याल, माघार घ्याल, शिकाल. शेडिंजाला औषधाचा उपयोग नाही, कारण त्याचा एचपी एक तर पूर्ण असतो, नाही तर संपलेला. त्याची हिरवी पट्टी कधीही अर्धी दिसत नाही. समोरच्याच्या चार मूव्ह कोणत्या असतील, त्याने आतापर्यंत कोणत्या दाखवल्या, हवामान कोण बदलू शकतो, जमिनीवर काय पसरले आहे, हे सगळे तुम्हाला ते मैदानात येण्याआधी माहीत असावे लागते. समोरच्याने एकाच मूव्हला बांधून ठेवणारा चॉइस बँड लावला आहे आणि तो अर्थक्वेक या ग्राउंड टाइपच्या मूव्हमध्ये अडकला आहे हे ज्या क्षणी नक्की होते, त्या क्षणी शेडिंजाला बाहेर काढण्यात जो आनंद आहे, तो सहाशे बेरजेच्या कोणत्याही ड्रॅगनने मला दिलेला नाही. समोरच्याला माहीत असते की आता आपले काही चालणार नाही. त्याला माघार घ्यावी लागते, आणि तो कोणाला आणणार याचा अंदाज बांधत आपण आपली चाल खेळतो. तो अंदाज चुकला, तर शेडिंजा गेले. मधला मार्ग नाही.

त्याचा हल्लाही दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. तिसऱ्या पिढीत मूव्ह शारीरिक की विशेष हे तिच्या टाइपवरून ठरत असे, आणि बग व घोस्ट हे दोन्ही टाइप शारीरिक बाजूला होते. त्यामुळे शॅडो बॉल शेडिंजाच्या ९० च्या हल्ल्यातून सुटायचा आणि स्वतःच्याच टाइपचा असल्यामुळे चांगला लागायचा. त्यात जाणकारांनी शोधलेली एक खुबी होती. जन्माच्या वेळी शेडिंजाला निंजास्कच्याच मूव्ह मिळतात. म्हणून निंकाडाची उत्क्रांती मुद्दाम थांबवून ठेवायची आणि निंजास्क ज्या लेव्हलला हल्ला वाढवणारी स्वोर्ड्स डान्स शिकतो नेमक्या त्या लेव्हलला ती होऊ द्यायची. मग एरवी कधीच न शिकणारी ती मूव्ह कातीसोबत येते. निंजास्कने शिकलेली गोष्ट मागे राहिलेल्या आवरणात उरते, हा नियम कोणी जाणीवपूर्वक केला की प्रोग्रामच्या ओघात तसे घडले, हे कळण्याचा मार्ग नाही, पण कथेला तो शोभून दिसतो.

चौथ्या पिढीने, म्हणजे २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ने, शेडिंजाशी दुजाभाव केला असे माझे मत आहे. शारीरिक आणि विशेष हा भेद टाइपऐवजी प्रत्येक मूव्हवर ठरू लागला, शॅडो बॉल विशेष झाला आणि ३० च्या विशेष हल्ल्यातून तो मारण्यात अर्थ उरला नाही. त्याबदली शॅडो स्नीक आली, पहिली चाल मिळवून देणारी, पण हलकी. खरा घाला मात्र स्टेल्थ रॉकने घातला. मैदानात तरंगत राहणारे हे दगड प्रत्येक येणाऱ्याला टोचतात, रॉक टाइपला कमकुवत असलेल्यांना अधिक टोचतात, आणि शेडिंजाला तर कितीही टोचले तरी एकच परिणाम. जवळपास प्रत्येक संघात ही मूव्ह दिसू लागली, तेव्हा शेडिंजाला आणायचे तर आधी मैदान झाडून घेणारा एक साथीदार हवा, तो टिकायला हवा, आणि समोरच्याने पुन्हा दगड पसरता कामा नयेत, इतक्या अटी झाल्या. एका जीवासाठी अर्धा संघ कामाला लावणे हा शौक आहे, शहाणपण नव्हे. शहाणे लोक त्यापासून दूर झाले, शौकीन राहिले.

त्यानंतरची कहाणी एका हाताची आहे. प्रत्येक पोकेमॉनला एकच वस्तू धरता येते. फोकस सॅश धरली, तर शेडिंजा एक सुपर इफेक्टिव्ह घाव झेलून उभे राहते, पण वादळात मरते. सहाव्या पिढीतले सेफ्टी गॉगल्स घातले, तर वादळ आणि गारपीट बाधत नाहीत, पण दगड बाधतात. आठव्या पिढीत, २०१९ साली, हेवी-ड्यूटी बूट्स आले आणि मैदानात पसरलेल्या साऱ्या संकटांवरून ते निर्धास्त चालू लागले. पाय नसलेल्या तरंगत्या कातीला बूट, हे चित्र मला अजून हसवते. पण बूट घातले की सॅश नाही, आणि विष, भाजणे यांसाठी लम बेरी तर नाहीच. चारही बाजूंनी दारे उघडी आहेत आणि हातात कुलूप एकच आहे. ते कोणत्या दाराला लावायचे, हे समोरचा कोण आहे यावरून दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यातच शेडिंजा वापरणाऱ्याची परीक्षा असते. लाइफ ऑर्बबद्दल तर बोलायलाच नको. ते धरून एक यशस्वी हल्ला केला की शेडिंजा स्वतःच्याच हल्ल्याची किंमत देऊन संपते.

वंडर गार्ड शेडिंजापुरताच बांधून ठेवावा लागेल, हे खेळाच्या निर्मात्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. स्किल स्वॅपने अ‍ॅबिलिटींची अदलाबदल करता येते, पण वंडर गार्डची येत नाही. कारण उघड आहे. सेबलाय आणि नंतरचा स्पिरिटुंब हे दोघे घोस्ट आणि डार्क टाइपचे. फेअरी टाइप येईपर्यंत त्यांना एकही कमकुवतपणा नव्हता. त्यांच्या अंगावर वंडर गार्ड चढला असता तर त्यांना थेट हल्ल्याने मारणेच जवळपास अशक्य झाले असते, आणि खेळात फेरफार करणाऱ्यांनी असे स्पिरिटुंब प्रत्यक्ष बनवूनही पाहिले. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे त्याला ही अ‍ॅबिलिटी देता येत नाही. एक एचपी ही या भिंतीची किंमत आहे, आणि ती फक्त शेडिंजाच देऊ शकते.

रूपाबद्दल थोडेसेच सांगतो, कारण तिथे मुद्दा एकच आहे आणि तो पुरेसा भयानक आहे. तपकिरी अंग, न हलणारे फाटके पंख, डोक्यावर एक पांढरे वलय, आणि पाठीवर किडा जिथून बाहेर पडला ती फट. पोकेडेक्स बजावतो की पाठीच्या या फटीतून आत डोकावणाऱ्याचा आत्मा शेडिंजा चोरते. हे वाचून खेळाडू लढाईत उतरतो आणि पाहतो की या मालिकेच्या जुन्या रीतीप्रमाणे आपला पोकेमॉन आपल्याला नेहमी पाठमोराच दिसतो. म्हणजे शेडिंजा बाळगणाऱ्याला प्रत्येक लढाईत ती फट समोर ठेवूनच बसावे लागते. प्रतिस्पर्ध्याला त्याचा चेहरा दिसतो. धोका सगळा मालकाच्या बाजूला. चाहते यावर विनोद करतात, पण मला हा विनोद वाटत नाही. पोकेमॉनमध्ये भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्या बहुधा पोकेडेक्सच्या पानातच राहतात. ही एकच गोष्ट कॅमेऱ्याच्या जागेमुळे पानातून बाहेर येते.

‘पोकेमॉन गो’मध्ये अ‍ॅबिलिटीच नाहीत, त्यामुळे तिथले शेडिंजा म्हणजे संग्रहात ठेवण्यापुरता एक अशक्त किडा आहे, आणि ते निंकाडाच्या उत्क्रांतीतून येतही नाही, संशोधनाची कामे पूर्ण केल्याचे बक्षीस म्हणून दिले गेले. रिकाम्या जागेतून येणारा जीव बक्षीस म्हणून देणे मला पटले नाही, पण त्यावर अधिक लिहिण्यासारखेही काही नाही. ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मधली वागणूक मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथे डायनामॅक्स होऊन कोणताही पोकेमॉन इमारतीएवढा मोठा होतो आणि त्याचा एचपीही वाढतो. शेडिंजा डायनामॅक्स झाले, तर ते इमारतीएवढे होते आणि त्याचा एचपी एकच राहतो. कोणीतरी प्रोग्राम लिहिताना हा अपवाद आठवणीने घातला. मोठे झाले म्हणून काय झाले, आतून ते रिकामेच आहे.

त्यानंतरच्या २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये शेडिंजा नाही, त्यांच्या पुढच्या जोडभागांतही आले नाही. या खेळांत टेरास्टलायझेशनने कोणाचाही टाइप बदलता येतो, आणि इलेक्ट्रिक टाइपला कमकुवतपणा एकट्या ग्राउंडचा. शेडिंजाला इलेक्ट्रिक करून हातात एअर बलून दिला, तर ग्राउंडचे हल्लेही पोहोचत नाहीत, आणि दुसरा कोणताही हल्ला लागत नसल्यामुळे बलून फुटतही नाही. असे शेडिंजा खाली पाडायला दगड, वादळ, विष किंवा समोरच्याची अ‍ॅबिलिटी न जुमानणारी मोल्ड ब्रेकरसारखी अ‍ॅबिलिटी लागली असती, आणि ज्यांच्याकडे यातले काही नाही ते हात चोळत बसले असते. निर्मात्यांनी कारण सांगितलेले नाही. ते याच भीतीने वगळले गेले असावे, हा माझा तर्क आहे. त्यांना सोपा मार्गही होता. वंडर गार्ड थोडा बोथट करायचा, बदल्यात एचपी साठ-सत्तर द्यायचा, आणि शेडिंजा चारचौघांसारखे करून टाकायचे. सहाव्या पिढीत बटरफ्री आणि बीड्रिल यांच्यासारख्या जुन्या किड्यांचे आकडे वाढवून त्यांना थोडा आधार दिला गेलाच होता. शेडिंजाच्या वाट्याला तसली दया आलेली नाही. २००२ मध्ये ठरलेले त्याचे सहाही आकडे आजवर जसेच्या तसे आहेत. बोथट करून ठेवण्यापेक्षा बाहेर ठेवले, हे मला मान्य आहे. पुढच्या एखाद्या खेळात ते परत आले आणि त्याचा हल्ला, बचाव, वेग असे पाच आकडे इकडचे तिकडे झाले, तरी मी तक्रार करणार नाही. पहिल्या आकड्याला मात्र कोणी हात लावू नये.